रावणताडाचा वाफा

ताडाला फांदी नसते, असं शाळेत शिकवतात. शिकवोत बापडे. मास्तर लोकांनी रावणताड पाहिलेला नसतो, आणि आपण न पाहिलेली वस्तू जगात नाहीच असं धरून चालायची त्यांना खोड असते. माझा मुलगा मधु मास्तरच आहे, तेव्हा हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो.

रावणताडाला फांद्या असतात. बुंधा पुरुषभर वर गेला की दुभंगतो, त्या दोन फांद्या पुढं पुन्हा दुभंगतात, आणि प्रत्येकीच्या टोकाला ताडासारखाच पंख्यांचा झुबका असतो. लांबून बघावं तर एका धडावर पाच-दहा डोकी. म्हणून रावण. हे झाड आपल्याकडचं नव्हे. दीवच्या बाजूला, समुद्रकाठच्या वाळूत होतं. जव्हारच्या डोंगरावर ते कुणी आणि कशासाठी आणलं ते मला ठाऊक नाही. मी संस्थानच्या बागेत कारकून म्हणून लागलो तेव्हा कड्याकडच्या अंगाला दोन रावणताड उभे होते. एक नर, एक मादी. नराला नुसता मोहोर यायचा, मादीला फळं धरायची. पेरूएवढी, तपकिरी, कठीण.

बागेचा माळी भिका मला म्हणायचा, "कारकून, ह्यो ताड आधी पाताळात जातो न् मंग आभाळात." मी कागदाचा माणूस. मला वाटायचं, म्हातारा भरकटला. त्याच्या बोलण्याचा अर्थ मला कळला तोवर भिका राहिला नव्हता.

अठ्ठेचाळीस साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मी काही संस्थानासाठी गळा काढणारा माणूस नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे मलाही कळतं. मिरवणूक निघाली, पेढे वाटले, मीही खाल्ले. मग बागखातं बंद झालं, आणि मी किल्ल्यांचा जुडगा एका नव्या साहेबाच्या टेबलावर ठेवून घरी आलो. घरी कोण होतं? आदल्याच हिवाळ्यात माझी बायको, हिरा, तापानं गेली होती. मधु शिकायला पालघरला. दारात उभा राहून मी सवयीनं हाक मारली, आणि मग आपली आपल्यालाच लाज वाटून चूल पेटवायला बसलो.

बागेची जागा पुढं कुठल्याशा खात्याकडं गेली. त्यांना तिथं लाकडाची वखार बांधायची होती. मध्ये नर रावणताड येत होता. मी धावत गेलो. साहेब सज्जन माणूस होता. त्यानं मला खुर्ची दिली, चहा पाजला आणि विचारलं, "याला फळ येतं का?" मी म्हटलं, "याला नाही येत. पण याच्यामुळं तिला येतं." साहेब हसला. फळ न येणारं झाड ठेवायचं कशाला, हे त्याचं गणित. पुढच्या आठवड्यात झाड पडलं.

मादीला त्या वर्षीची फळं आधीच धरलेली होती. ती पिकली तशी मी जाऊन वेचून आणली. पुढच्या साली तिला मोहोर आला आणि वाळून गळाला. त्याच्या पुढच्या सालीही तेच. मी कधीमधी संध्याकाळी तिच्याखाली जाऊन उभा राहायचो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला बायकोची आठवण येते. खरं सांगायचं तर मला तिथं माझीच आठवण यायची.

तर माझ्याकडं ओच्याभर फळं होती, आणि ती शेवटची होती. माझ्या परसात रावणताड उभा करायचा, एवढं एकच मी मनात धरलं. त्याला फांदी फुटलेली मी बघणार नव्हतो, एवढं गणित मलाही येतं. पण माझ्या नातवानं ती बघावी, मास्तरला खाली आणून दाखवावी आणि म्हणावं, गुरुजी, ही बघा ताडाला फांदी. बस. आंधळा मागतो एक डोळा, मी तर अर्धाच मागत होतो.

पहिल्या खेपेला मी निम्म्या बिया रॉकेलच्या डब्यांत लावल्या आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पावसाळा गेला तरी वर काही येईना. एक डबा उलटा केला तेव्हा भिका काय म्हणायचा ते कळलं. या बीतून आधी एक पांढरा दांडा निघतो. तो सरळ खाली जातो, हातभर खाली, आणि तिथं खोलवर त्याच्या टोकाशी खरं झाड धरतं. माझे दांडे डब्याच्या तळाला अडून, वेटोळं होऊन कुजले होते. बिचारे पाताळाची वाट शोधत होते आणि मी त्यांना पत्रा दिला होता.

मग मी वाफा बांधला. परसात, न्हाणीच्या मागं, जिथं दुपारचं ऊन पडतं. सुके दगड रचून कमरेइतका उंच केला, आत नदीची वाळू आणि कुजलेला पालापाचोळा घातला. वाळू आणायला बुधी होती. पाड्यावरून लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजारात यायची आणि माझ्या ओट्यावर चहाला टेकायची. चहाच्या बदल्यात तिनं पाटीपाटीनं वाळू आणली, आणि त्याचं व्याज म्हणून माझी टर उडवली.

"सोताला भाकर थापायला येत नाय, न् ताडाला गादी घालतो," ती म्हणायची. "एकटा जीव सदाशिव."

"तुला काय करायचंय?"

"मला काय. तुमी मेलं तं ताडाला पानी कोन घालंल, त्येची काळजी."

उरलेल्या बिया मी पाण्यात भिजवल्या, रोज पाणी बदललं, आणि फाल्गुनात वाफ्याच्या माथ्यावर खांद्याला खांदा लावून मांडल्या. वर बोटभर वाळू, त्यावर पळसाची पानं. जव्हारचा पाऊस म्हणजे थट्टा नाही, म्हणून आषाढात वर गवताचं छप्पर घातलं. कुणाला काही सांगितलं नाही. पेरलेलं बोलू नये, दृष्ट लागते, असं हिरा म्हणायची. ती होती तोवर मी तिला हसायचो. ती गेल्यावर तिचं सगळं पाळायला लागलो. मधुला पत्रातसुद्धा लिहिलं नाही.

त्या दिवसांत माझ्या तोंडून दिवसचे दिवस शब्द निघत नसे. बुधी बाजाराच्या दिवशी यायची तेवढीच. कोणी ओट्यावर येऊन बसायचं तर बसायचं, पण मी कारकुनी वळणाचा, बोलणं तोडून टाकणारा. माणसं परत येत नसत. संध्याकाळी कुत्र्याला 'हाड' म्हणायला मिळालं तरी आवाज मोकळा झाल्यासारखा वाटायचा. मग मी वाफ्याशी जाऊन बसायचो. बियांशी बोलायचो असं म्हणणार नाही, एवढा वेडा झालो नव्हतो. पण त्यांच्यापाशी बसलं की गप्प बसण्याला काही अर्थ असायचा. त्या गप्प, मी गप्प, आणि काम चाललेलं.

पहिल्या वर्षी काही नाही. पी हळद आणि हो गोरी, असला प्रकार या झाडात नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा मी वाफ्याच्या अंगचा एक दगड काढून हळूच आत बघितलं. वाळूत पांढरे दांडे सरळ खाली गेलेले होते. एकाचं टोक जाड होऊन कोंब भरत होता. मी दगड परत बसवला आणि तिथंच खाली बसून रडलो. चांगला पंचावन्न वर्षांचा घोडा. येत्या पावसाळ्यात पानं वर येणार होती.

त्याच हिवाळ्यात वेणू आली.

वेणू माझी सून. मधुनं पालघरला नोकरी धरली, आणि केळव्याच्या बाजूची मुलगी पसंत करून मला कळवलं. मी काही आडवा आलो नाही. लग्नाला गेलो, टोपी घालून मांडवात बसलो, जेवलो. तिच्या बापाची ताडाची वाडी होती. पिढ्यान्‌पिढ्या ताड छेदून ताडी काढायचा धंदा, पण पन्नास साली दारूबंदी आली आणि मडकी पालथी पडली ती पडलीच. व्याही अख्ख्या लग्नात माझ्याशी दोन शब्द बोलला. मीही दोनच बोललो. त्याला वाटलं असेल, संस्थानचा कारकून, ताडीवाल्याच्या घरी बोलायला याला कमीपणा वाटतो. मला कसला कमीपणा? मला बोलायला येत नाही, एवढंच. पण हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

सुनेशी काय बोलावं हा प्रश्नही मला सुटला नव्हता. ती पाया पडायची, मी "बरं, बरं" म्हणायचो, ती आत जायची. यापलीकडं आमचा संसार गेला नव्हता. ती मला भ्यायची. आणि मी तिला भ्यायचो, हे तिला कुठून कळणार.

मधुला ठाण्याला कसल्याशा शिक्षणवर्गाला जायचं होतं. वेणूला तिसरा महिना. तिला आई नव्हती, ती लहानपणीच गेली होती. बापाच्या घरी बाईमाणूस नाही. मधुनं शेजारपाजारची सोय बघितली होती, पण ही म्हणाली म्हणे, "बाबा एकटेच असतात, मी त्यांच्याकडं राहते." मधुनं हे मला संध्याकाळी सांगितलं. रात्रभर मी कूस बदलत होतो, आणि सकाळी तोंडातून निघालं ते "बरं".

तिला नाचणीची भाकर जायची नाही. समुद्रकाठची पोर, भातावर वाढलेली. ती बोलायची नाही, पण ताटातला तुकडा ताटातच राहायचा. दुपारी ती मागल्या दारात बसायची आणि वाफ्याकडं बघत राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं धीर केला.

"बाबा, ते ताडच ना?"

मला वाटलं, हिला काय सांगायचं आणि किती. हिराचं ते पेरलेलं बोलू नये, तेही मनात होतंच. मी म्हटलं, "हं. ताडच."

"कोंब धरलेत?"

"धरलेत."

"तुम्ही पेरलेत? मुद्दाम?"

"मग काय आपोआप येतात?"

ती पदराआड हसली आणि आत गेली. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीला झाडांचं कळतं. ताडवाल्याची लेक शेवटी. पानं वर आली की हिला सगळं सांगू, रावणताड म्हणजे काय ते दाखवू. तिच्याशी बोलायला मला एक विषय सापडला होता, आणि तो मी पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवला.

मग मी साखरशेतला गेलो. तिथं आमची भाऊबंदकीतली थोडी शेती. खळं नुकतंच झालं होतं. म्हटलं, नवा तांदूळ घेऊन येऊ, पोर दोन घास नीट खाईल. थोरल्या वहिनीनं रात्री ठेवून घेतलं. "सून आली तं तुमचं तोंड उघडलं वो भावजी," ती म्हणाली, कारण मी जेवताना वेणूबद्दलच बोलत होतो. दुसऱ्या दिवशी डोक्यावर गाठोडं घेऊन मी परत निघालो. चालताना मनात सगळी वाक्यं जुळवत होतो, तिला हे सांगू, ते सांगू.

घराशी आलो तर परसात धूर दिसला आणि मिठाच्या पाण्यात काहीतरी उकडल्याचा वास आला. रताळ्यासारखा, पण रताळ्याचा नव्हे.

वाफा मोकळा होता.

उद्ध्वस्त केलेला नव्हता, हेच सांगतो. एका अंगचे दगड काढून नीट एकावर एक रचून ठेवले होते, वाळू हातानं सारखी केली होती, पळसाची पानं बाजूला ढीग करून ठेवली होती. भिंतीशी बियांची कवटं, कोयत्यानं मधोमध फोडलेली, ओळीनं मांडलेली. कामाची पोर. मी गाठोडं खाली ठेवलं आणि त्याच गाठोड्यावर बसलो. डोक्यात काही विचार आला म्हणावं तर तेही नाही. दुपारचं ऊन वाळूवर पडलं होतं, ते बघत होतो.

वेणू स्वयंपाकघरातून ताटली घेऊन आली. तिच्या नखांत वाळू होती. तिचा चेहरा मी तसा आजवर कधी पाहिला नव्हता. ती माझ्यासमोर खाली बसली आणि बोलायला लागली. ती एवढं बोलू शकते हेच मला माहीत नव्हतं.

"बाबा, मी तुम्हाला न विचारता काढले. तुम्ही येणार म्हणून गरम गरम करून ठेवावे म्हटलं. रागावला नाहीत ना? तुम्हाला कुणी सांगितलं? ह्यांनी का? पण ह्यांनाही मी कधी बोलले नाही. आमच्याकडं आई दरवर्षी असाच वाफा करायची, अगदी असाच, उंच, वाळूचा, वर ताडाच्या बिया ओळीनं लावून. थंडीत कोंब काढायचे, उकडायचे, आणि बीच्या आतला पांढरा गाभा आम्ही पोरं मारामारी करून खायचो. आई गेली आणि वाफा बंद झाला. पुढं धंदाही बंद झाला. आता तर माझे वडील वाडीकडं पाठ करून बसतात. मला दिवस राहिल्यापासून तेच खावंसं वाटत होतं. पण कुणाला सांगणार? आई असती तर तिनं न सांगता केलं असतं."

ती थांबली. मग खाली बघत म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला आमचं घर आवडलेलं नाही. ताडीवाल्याची म्हणून. आणि तुम्ही इथं कोणाला न बोलता माझ्यासाठी ताड पेरून बसलात."

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. ती ताटली उचलून भिंतीवर आपटावी असं वाटलं. तिला हाताला धरून कड्याकडच्या त्या बागेत न्यावं, ती मादी दाखवावी, आणि विचारावं, बघ, काय खाल्लंस तू ते बघ. भिकापासून माझ्यापर्यंत सगळ्यांचं काम तू मीठ घालून उकडलंस. शब्द जिभेवर आले होते. मला बोलायला येत नाही म्हणतात, पण रागाचं बोलायला सगळ्यांना येतं.

ती माझ्याकडं बघत होती. तिच्या आईनंतर तिच्यासाठी कुणी काही पेरलेलं नव्हतं. आणि खरं म्हणजे मीही पेरलेलं नव्हतं.

"रागवायचं काय त्यात," मी म्हटलं. "तुझ्यासाठीच होते."

तिनं ताटली पुढं केली. मी एक कोंब उचलला, साल काढली आणि खाल्ला. गोड होता. मागून जरा तुरट, मध्ये दोऱ्यासारखा. दुसरा खाल्ला. तिनं कवटातला पांढरा गाभा काढून माझ्या तळहातावर ठेवला. स्पंजासारखा, नारळाच्या मोडासारखा, तोही गोड. मी सगळं खाल्लं. दुसरं करणार काय होतो, ते आता मातीत परत जाणार नव्हते. तीही खात होती, पोटभर, घाई करून, लहान मुलासारखी. आल्यापासून तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

"जरा बारीक निघालेत कोंब," ती म्हणाली. "पण किती गोड. आमच्या ताडापेक्षा गोड. इकडच्या मातीचा गुण असंल."

"असंल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेलेली बघून मी वाफ्यात खांद्यापर्यंत हात घालून सगळी वाळू चाचपली. म्हटलं, एखादा राहिला असेल. नीट काम करणारी पोर, एकही विसरली नव्हती. फोडलेली कवटं तिनं चुलीत घातली. फार चांगली जळतात. बुधी बाजाराच्या दिवशी आली, तिनं वाफा बघितला, वेणूला बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिला तेवढं पुरलं. चहा पिऊन ती गेली, आणि पहिल्यांदाच काही न बोलता गेली.

मधु न्यायला आला तेव्हा वेणूनं त्याला वाफा दाखवला आणि सगळं सांगितलं. मधुनं माझ्याकडं असं बघितलं की मला दुसरीकडं बघावं लागलं. आईच्या पश्चात त्यानं मला ओट्यावरचा खांबच समजून टाकलं होतं, त्या खांबाला पालवी फुटली होती. निघताना वेणू पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या सालीही पेराल ना? तेव्हा आम्ही बाळाला घेऊन येऊ."

"पेरीन," मी म्हटलं.

म्हणायला काय जातं? पण म्हटलेलं अंगावर पडतं. ती मंडळी गेली, आणि मी रिकाम्या वाफ्यापाशी बसलो. आधीही मी तिथं एकटाच बसायचो, पण तेव्हा वाळूच्या खाली कुणीतरी होतं. आता नुसती वाळू होती. मी बागेकडं जाणंही सोडलं. मादीपुढं तोंड घेऊन जायला मला जमेना.

दीवहून फळं आणावीत, असंही मनात येऊन गेलं. तिकडं जाणारा एक व्यापारी ओळखीचा होता, त्याला सांगूनही ठेवलं. पण चोपन्न साली इकडं दादरा आणि नगरहवेलीतून पोर्तुगीज गेले, आणि त्यांच्या बाकीच्या मुलखाच्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या. व्यापारी म्हणाला, "देवजीभाऊ, दीवचं आता विसरा." देश मोकळा होत होता, त्याला मी कशाला नाही म्हणू? फक्त माझा वाफा त्याच्या आड आला.

श्रावणात पत्र आलं. मुलगी झाली. खाली वेणूच्या हातची एक ओळ होती, वाफ्यावर छप्पर घातलंत का म्हणून.

गणपती उठल्यावर मी एस.टी.त बसलो आणि मनोरवरून पालघरला, तिथून केळव्याला गेलो. व्याह्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता, वाडीकडं पाठ करून, वेणू म्हणाली होती तसाच. मागं सगळे ताड उभे होते आणि खाली पिकलेली फळं पडून कुजत होती. सगळ्या वाडीत गोड, आंबूस वास भरला होता.

"बसा," तो म्हणाला. मी बसलो. बराच वेळ आम्ही दोघंही बसलो. ही कला आम्हा दोघांनाही चांगली येते.

शेवटी मी म्हटलं, "मला ताडाच्या बिया पाहिजेत. गोणीभर."

"ताडाचं नाव या घरात कुणी काढत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. वाफा करायचा आहे. वेणू येणार आहे."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "ती सांगत होती," तो म्हणाला. "तिच्या सासऱ्यानं डोंगरावर तिच्यासाठी कोंब काढले म्हणून. मला खरं वाटलं नव्हतं. तुमच्याकडं ताड कुठला, म्हटलं पोर बापाला बरं वाटावं म्हणून सांगते."

तो उठला, खुंटीवरची गोणी घेतली आणि दारूबंदीनंतर पहिल्यांदा त्या वाडीत शिरला. मी मागोमाग. दोन म्हातारे वाकून वाकून फळं वेचत होतो. तो एकेक उचलून हातात फिरवायचा, आणि हे कुठल्या झाडाचं ते सांगायचा. ह्या झाडाला हे नाव, त्या झाडावरून आजा पडला होता, ते तिच्या आईचं आवडतं. मी "हं" म्हणत होतो. परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं वासावरून माझ्याशी भांडण काढलं आणि मी त्याच्याशी मनोरपर्यंत मनसोक्त भांडलो.

रावणताडाच्या वाफ्यात मी साधे ताड लावले. जागा तीच, वाळू तीच, पळसाची पानं तीच. हात लावताना सुरुवातीला जड गेलं. मोठ्या बिया, धसमुसळ्या, महिन्या-दीड महिन्यात दांडे खाली उतरलेसुद्धा. त्यांना कसली घाई आणि कसली भूक. रावणताडानं मला ज्यासाठी दोन पावसाळे बसवून ठेवलं ते यांनी दिवाळीपर्यंत उरकलं.

पौषात तिघंही आली. मधुनं दगड काढले, वेणूनं पदर खोचला आणि वाळूत हात घातला. नात माझ्या मांडीवर होती. तिनं माझी टोपी तोंडात घातली होती. एकेक कोंब वर निघाला की वेणू तो आम्हाला उंच धरून दाखवायची, आणि मधु हसायचा. ओट्यावर बुधी चहा पीत बसली होती, ती म्हणाली, "आवंदा कारकुनाच्या घरात जत्राच भरली." त्या परसात एवढा आवाज हिरा असताना व्हायचा.

उकडून झाल्यावर पहिला कोंब वेणूनं सोलून मला दिला. मी खाल्ला. मग तिनं खाल्ला. ती सावकाश चावत होती, काहीतरी आठवत असल्यासारखी.

"बाबा," ती म्हणाली, "गेल्या सालचे जास्त गोड होते, नाही?"

नातीच्या तोंडातून टोपी सोडवायला मला जरा वेळ लागला.

"हो," मी म्हटलं. "गेल्या सालचे फार गोड होते."